उरलेला कान: कॉक्लिअर इम्प्लांट करताना शिल्लक ऐकणं वाचवायला आपण कसे शिकलो

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजची गोष्ट सुरू होते आमच्या वराळ्यातून, तीही रात्री साडेअकराच्या सुमाराला.

मे महिन्याची सुट्टी होती. माझ्या मावसबहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, आमच्याकडे राहायला आली होती. वय वर्षं दहा. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं. रात्री झोपताना ती यंत्रं काढून डबीत ठेवते. दिवे गेले होते, आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून पडलो होतो. आणि ही पोरगी, यंत्रं डबीत, कान उघडे, अचानक म्हणाली, "मामा, मालगाडी गेली."

मी कान दिला. खरंच, तळेगाव स्टेशनच्या बाजूनं, लांबून, तो जड घरंगळणारा आवाज येत होता. वराळ्यात राहणाऱ्या माणसाला तो ऐकूच येत नाही, इतका सवयीचा. पण हिला आला. जिला कुकरची शिट्टी येत नाही, मोबाईलची रिंग येत नाही, "साखर आण" म्हटलं तर "काकर?" असं विचारते, तिला मालगाडी आली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी तिच्या आईला डॉक्टरांनी सांगितलं की आता श्रवणयंत्राचा उपयोग संपत आलाय, कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करा. बहिणीचा मला फोन आला. तिचा प्रश्न एकच होता: "अरे, ऑपरेशन केलं की तिला आत्ता जे येतंय ते जाईल का?"

आज मी त्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. कारण गंमत अशी की हा प्रश्न, जो कुठल्याही आईला पहिल्या मिनिटाला सुचतो, तो या शस्त्रक्रियेच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत फारसा कुणी विचारलाच नव्हता. आणि न विचारण्याला कारण होतं.

आधी कान समजून घेऊ, थोडक्यात. आतला कान म्हणजे कॉक्लिआ. गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा, वाटाण्याएवढा. आत पाण्यासारखा द्रव भरलेला, आणि मधून एक पातळ पडदा वेढे घेत वर गेलेला. त्या पडद्यावर सूक्ष्म केसांच्या पेशी. आवाजानं द्रव हलतो, पडदा हलतो, केस वाकतात, आणि खाली जोडलेल्या नसेला वीज मिळते. एवढंच.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. या शंखात आवाजांच्या जागा ठरलेल्या आहेत. अगदी दाराशी, पहिल्या वेढ्यात, बारीक तीव्र आवाज: स, श, चिमणी, टाळ, चिपळ्या. जसजसं आत वर जाल तसतसे जाडे आवाज. टोकाला खर्ज: पखवाजाची धूम, पुरुषी आवाजातला घुमारा, मालगाडी. आणि बहुतेक वेळा बहिरेपण दारापासून सुरू होतं. दाराजवळच्या पेशी आधी मरतात, टोकाच्या उशिरा. माझ्या भाचीचा ऑडिओग्राम मी पाहिलाय. डावीकडे, जाड्या आवाजांपाशी, रेघ बऱ्यापैकी सपाट, आणि मग एक हजार हर्ट्झच्या आसपास सरळ खाली. परदेशात या आकाराला बर्फावरच्या घसरगुंडीचं नाव दिलंय. आपण मावळातली माणसं. मला ती रेघ पाहून लोणावळ्याची नागफणी आठवली. वर पठार, आणि मग एकदम कडा.

आता अडचण बघा. या मुलांची जिवंत जागा शंखाच्या आतल्या टोकाला आहे आणि मेलेली जागा दारात. इम्प्लांटची तार आत घालायची तर दार एकच. त्या दारातून आत जाताना पडदा फाटला, द्रव सांडला, तर फक्त दारातली जागा बिघडत नाही, अख्खा शंख बिघडू शकतो.

बरं, आता मागे जाऊ.

बहिऱ्या मुलांत काहीतरी ऐकणं शिल्लक असतं, ही गोष्ट जुनी आहे. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर व्हिक्टर उर्बानचिच यांनी १८९० च्या दशकात मूकबधिर शाळांतल्या मुलांना रोज कानाचे व्यायाम दिले. मोठ्यानं, कानाजवळ, पुन्हा पुन्हा. पूर्ण बहिरी म्हणून नोंद असलेल्या अनेक मुलांना काही ना काही येतंय असं त्यांना दिसलं. त्यांचं पुस्तक १८९५ चं. म्हणजे शिल्लक ऐकणं ही कल्पना इम्प्लांटपेक्षा साठ-सत्तर वर्षांनी मोठी. आपल्याकडे मुंबईत बहिऱ्या मुलांसाठीची पहिली शाळा १८८५ च्या सुमाराला निघाली, तेव्हापासून शिक्षक हेच करत आले: जे थोडं उरलंय त्याला धरून बोली शिकवायची. नंतर श्रवणयंत्रं आली ती याच उरलेल्या कानाला मोठा आवाज द्यायला.

कॉक्लिअर इम्प्लांटची गोष्ट मात्र अगदी वेगळ्या टोकाकडून सुरू झाली. २५ फेब्रुवारी १९५७, पॅरिस. आंद्रे जूर्नो हे शरीरक्रियाशास्त्राचे, शार्ल एरिएस हे कानाचे सर्जन. त्यांच्यापुढचा रुग्ण दोन्ही कानांच्या जुन्या आजारानं आणि त्यावरच्या ऑपरेशनांनी पूर्ण बहिरा झालेला. चेहऱ्याच्या नसेचं ऑपरेशन होणारच होतं, त्याच वेळी त्यांनी ऐकण्याच्या नसेच्या उरलेल्या टोकाशी तार ठेवली. त्याला आवाजाची लय कळली, एखाद-दुसरा शब्दही ओळखता आला. पुढे ती यंत्रणा बिघडली, दोघांचं पटलं नाही, काम थांबलं. पण बातमी अमेरिकेत पोचली. लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी १९६१ मध्ये रुग्णांवर प्रयोग केले आणि १९७० च्या दशकात अंगावर घालता येईल असं यंत्र बनवलं. एकच तार, एकच वाहिनी. बोलणं कळायचं नाही, पण दार वाजलं, गाडी आली, कोणी हाक मारली हे कळायचं. ओठ वाचायला मदत व्हायची.

हाऊस यांच्यावर त्या काळात किती टीका झाली याची कल्पना करा. शास्त्रज्ञ म्हणायचे, नसेत हजारो तंतू आहेत, तुम्ही एका तारेनं काय साधणार? आणि वर आतला कान नासवणार. शेवटी अमेरिकन सरकारनं रॉबर्ट बिल्गर यांच्या गटाकडून तपासणी करवली. तेरा इम्प्लांटवाले लोक तपासले, १९७७ मध्ये अहवाल आला: यंत्रानं एकट्यानं बोलणं समजत नाही, पण ओठ वाचण्यात आणि स्वतःच्या बोलण्यात फरक पडतो. तिथून चित्र पालटलं.

त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७७ ला, व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या अभियंता नवरा-बायकोनं बनवलेलं अनेक वाहिन्यांचं इम्प्लांट कुर्ट बुरियान यांनी बसवलं. आणि १ ऑगस्ट १९७८ ला मेलबर्नमध्ये ग्रॅमी क्लार्क यांनी रॉड सॉन्डर्स या गृहस्थांना बसवलं. क्लार्क यांची गोष्ट मला फार आवडते. त्यांचे वडील कमी ऐकायचे, औषधांचं दुकान चालवायचे, आणि गिऱ्हाइकाला जे काही मागायचं असेल ते दुकानात ओरडून सांगावं लागायचं. क्लार्कना प्रश्न होता की वेढ्यावेढ्यांच्या शंखात तार वर जाईल कशी. सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी एक शिंपला उचलला आणि गवताची पात त्यात सरकवून पाहिली. शेंड्याला लवचीक आणि बुडाला ताठ अशी पात सरसर आत गेली. तार तशीच बनवायची, हे तिथं ठरलं.

आता इथं थांबा. या सगळ्या गोष्टींत एक समान धागा आहे. पॅरिसचा माणूस, हाऊसचे रुग्ण, सॉन्डर्स, सगळे पूर्ण बहिरे. त्या कानात गमावण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून सर्जन आत कसा जातो, याला फारसं महत्त्व नव्हतं. तार बसली, नसेला वीज मिळाली, झालं. अमेरिकेत १९८४ मध्ये हाऊस यांच्या यंत्राला आणि १९८५ मध्ये क्लार्क यांच्या यंत्राला परवानगी मिळाली तीही अशाच मोठ्या माणसांसाठी. मुलांसाठी १९९० मध्ये मिळाली. नियम साधा होता: दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच येत नसेल, तरच. कान रिकामा आहे असं धरूनच सगळी शस्त्रक्रिया बेतलेली होती.

पण यंत्रं सुधारली. १९८० च्या दशकाच्या शेवटी इम्प्लांटवाले लोक फोनवर बोलू लागले. मग प्रश्न उलटा झाला. श्रवणयंत्र लावून धडपडणारा माणूस, ज्याला थोडंफार येतंय, तो इम्प्लांटवाल्यापेक्षा मागे पडू लागला. त्याला इम्प्लांट द्यावं का? द्यायचं तर त्याच्याकडे जे थोडं आहे ते पणाला लावायचं का?

इथं आपल्या गोष्टीचा खरा नायक येतो, आणि त्याचं नाव फार लोकांना माहीत नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे एर्न्स्ट लेनहार्ट. त्यांनी १९८४ पासून तिथं मोठा इम्प्लांट कार्यक्रम उभा केला होता. १९९३ मध्ये त्यांनी जर्मन भाषेतल्या एका वैद्यकीय मासिकात एक लेख लिहिला, तार बसवण्याच्या "सॉफ्ट सर्जरी" पद्धतीबद्दल. शीर्षक जर्मन, पण "सॉफ्ट सर्जरी" हे शब्द त्यात इंग्रजीच होते.

पद्धत काय होती? ऐकायला अगदी किरकोळ वाटेल, पण एकेक पायरी नीट बघा. तोपर्यंत सर्जन कॉक्लिआच्या हाडाला ड्रिलनं सरळ भोक पाडायचे. आता ड्रिल कानाच्या हाडाला लागलेलं, म्हणजे आवाज किती असेल? पुढे मोजणाऱ्यांना तो १३० डेसिबलच्याही वर मिळालाय. जेट विमानाशेजारी उभं राहिल्यासारखं, तेही थेट आतल्या कानात. लेनहार्ट म्हणाले, हाड खरवडा, पण आतलं पातळ अस्तर दिसू लागलं की ड्रिल थांबवा. ते अस्तर सुईच्या टोकाएवढ्या हत्यारानं अलगद उघडा. हाडाचा चुरा आणि रक्त आत जाऊ देऊ नका. उघडलेल्या तोंडाशी सक्शनची नळी कधीच नेऊ नका, कारण आतला द्रव मोजून थेंबभर असतो, तो ओढला गेला तर कान संपला. तार घालताना वंगण वापरा. हळू ढकला. पहिला अडथळा जाणवला की थांबा. पुढे रेटू नका. आणि तोंड स्नायूच्या कातळीनं बंद करा.

मला यातलं "पहिला अडथळा जाणवला की थांबा" हे सगळ्यात मोठं वाटतं. कारण तोपर्यंत सर्जनच्या मनात तार जितकी आत तितकी चांगली असा हिशोब होता. लेनहार्ट सांगत होते की थोडी बाहेर राहिली तरी चालेल, पण पडद्यातून आरपार जाऊ देऊ नका.

सगळ्यांनी लगेच मानलं नाही. न्यूयॉर्कचे नोएल कोहेन यांनी १९९७ मध्ये लेखच लिहिला, की सॉफ्ट सर्जरी ही वस्तुस्थिती आहे की कल्पनाविलास? प्रश्न रास्त होता, कारण पुरावा थोडा होता. पण त्याच वर्षी मायामीच्या गटानं, ॲनेल हॉजेस आणि थॉमस बाल्कनी यांनी, इम्प्लांट झालेल्यांचे आधीचे नि नंतरचे ऑडिओग्राम लावून पाहिले. जवळपास निम्म्या लोकांत शिल्लक ऐकणं टिकलं होतं. निम्म्या! म्हणजे तार आत गेली की कान मेलाच, हे समीकरण खोटं होतं.

आणि मग १९९९. फ्रँकफुर्टचे क्रिस्टोफ फॉन इल्बर्ग. आधी प्राण्यांवर पाहून त्यांनी एक कल्पना मांडली, जी आता सांगितली की सोपी वाटते. कानाचा टोकाकडचा भाग जिवंत आहे ना? मग त्याला राहू द्या. जाडे आवाज त्यानं स्वतःच्या पेशींनी, गरज पडली तर श्रवणयंत्रानं ऐकावेत. बारीक आवाज दारातल्या मेलेल्या भागाला तारेतून विजेनं द्या. एकाच कानात दोन्ही. टाळ-चिपळ्या विजेच्या, पखवाज स्वतःचा. आपल्या हरिनाम सप्ताहाच्या भाषेत सांगायचं तर एवढंच.

लोकांना वाटलं होतं की मेंदू गोंधळेल. गोंधळला नाही. उलट गर्दीत, गोंगाटात, जिथं नुसतं इम्प्लांट कमी पडतं, तिथं ही जोडगोळी सरस ठरली. कारण दोन माणसं एकदम बोलत असतील तर आपण त्यांना आवाजाच्या पट्टीवरून वेगळं करतो, आणि पट्टी जाड्या आवाजात असते. गाण्याचंही तेच. इम्प्लांट स्वर नेमका देऊ शकत नाही. शिल्लक कान देऊ शकतो.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ब्रूस गँट्झ आणि क्रिस्टोफर टर्नर यांनी उलट बाजूनं विचार केला. आत जायचंच कशाला? तारच आखूड बनवू. आधी सहा, मग दहा मिलिमीटर. त्यांचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये आले. पोलंडमध्ये वॉर्सोला हेन्रिक स्कारझिन्स्की यांनी २००२ मध्ये मोठ्या माणसाला आणि २००४ मध्ये मुलाला, "आंशिक बहिरेपण" म्हणून वेगळं नाव देऊन, इम्प्लांट केलं. त्यांचा आग्रह वेगळा: हाडाला नवं भोक पाडूच नका. निसर्गानंच एक छोटी खिडकी ठेवलेली आहे, गोल खिडकी म्हणतात तिला, तिच्यावरचा पडदा छेदा आणि तिथूनच जा. हाडाला भोक की गोल खिडकी, यावर पुढची दहा-पंधरा वर्षं परिषदांत भांडणं चालली. खिडकीवाल्यांची सरशी झाली असं मला वाटतं, पण प्रत्येक कानाची खिडकी सर्जनला सोयीच्या कोनात असतेच असं नाही, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही.

आता इथपर्यंत गोष्ट छान चाललीय. म्हणून आता वाईट भाग.

२० मार्च २०१४ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आखूड तारेच्या एका इम्प्लांटला परवानगी दिली, हायब्रिड नावाच्या. चाचणीत ५० माणसं होती. बहुतेकांना शब्द आणि वाक्यं पहिल्यापेक्षा चांगली कळू लागली. पण त्याच घोषणेत हेही लिहिलं होतं: ५० पैकी २२ जणांचं त्या कानातलं जाड्या आवाजाचं ऐकणं जवळजवळ किंवा पूर्ण गेलं. त्यातल्या सहा जणांना पुन्हा ऑपरेशन करून नेहमीची लांब तार बसवावी लागली.

बावीस. जगातल्या तरबेज सर्जनांच्या हातून, मुद्दाम ऐकणं वाचवण्यासाठी बनवलेल्या तारेनं. हा आकडा मी बहिणीला सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

यातली चमत्कारिक गोष्ट ही, की बऱ्याच जणांचं ऐकणं ऑपरेशनच्या दिवशी जात नाही. पहिल्या तपासणीत ते असतं. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, उतरत जातं. म्हणजे सर्जनच्या हातानं कान फाटला असं नाही. शरीर तारेला परकं समजतं, भोवती सूज येते, तंतू धरतात, कधी नवं हाडही वाढतं. द्रवाची हालचाल जड होते. काहींचं मूळ दुखणंच पुढे सरकत असतं, इम्प्लांट झालं नसतं तरी गेलं असतं. कोणाचं कशानं गेलं हे एकेका माणसाबाबत सांगणं फार अवघड.

म्हणून आता लढाई हत्याराकडून सुजेकडे गेलीय. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्टेरॉइड देतात. तारेतूनच हळूहळू डेक्सामेथासोन झिरपेल अशा तारा तयार झाल्या. तार ढकलण्याचा वेग आता सेकंदांत नाही, मिनिटांत मोजतात. माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी तो थरथरतो, म्हणून तार ठरावीक संथ वेगानं सरकवणारं छोटं यंत्र आयोवातल्याच एका कंपनीनं बनवलं, त्याला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे, ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या कानात टिक टिक आवाज सोडतात आणि त्याच इम्प्लांटच्या तारेनं केसांच्या पेशींचा प्रतिसाद ऐकतात. पेशी जिवंत असतील तर लाट दिसते. लाट एकदम खाली आली की सर्जन थांबतो, तार किंचित मागे घेतो, काही वेळा लाट परत येते. रुग्ण भूल देऊन झोपलेला, पण त्याचा कान सर्जनशी बोलतोय. लेनहार्टच्या वेळी "अडथळा जाणवला की थांबा" हे बोटांवर होतं, आता ते पडद्यावर दिसतं.

बरं, हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे इम्प्लांट रुजवण्याचं मोठं काम मुंबईत झालं. डॉ. मिलिंद कीर्तने हे नाव तुम्ही ऐकलं असेल. केईएम आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले, नंतर हिंदुजात. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पैशाच्या बाजूनं मोठी गोष्ट घडली तीही २०१४ चीच: केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट आलं, तेव्हा एका मुलासाठी सहा लाखांपर्यंत मदत होती. नोडल संस्था वांद्र्याची अली यावर जंग संस्था, १९८३ मध्ये सुरू झालेली. जाता जाता, अली यावर जंग म्हणजे १९७० च्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल होते ते.

या योजनेतली बहुतेक मुलं जन्मतः बहिरी, वय एक ते पाच. त्यांच्या बाबतीत शिल्लक ऐकण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथं मला स्पष्ट बोलायचंय. ज्या बाळाला दोन्ही कानांनी फारच कमी येतं, त्याच्या भाषेची पहिली तीन-चार वर्षं हा खरा ठेवा आहे. बेरा टेस्टमध्ये कुठंतरी थोडी लाट दिसली, फटाक्याला दचकला, थाळी वाजवली की वळला, म्हणून "थांबू, बघू, वाढेल कदाचित" असं करत दोन वर्षं घालवलेली घरं मी पाहिलीत. फटाक्याला दचकणं म्हणजे भाषा ऐकणं नव्हे. थोडं उरलेलं वाचवायच्या नादात भाषा जाते. ते करू नका. आधी तपासणी, श्रवणयंत्र लावून काही महिने पाहणी, आणि मग डॉक्टर नि ऑडिओलॉजिस्ट सांगतील तो निर्णय, उशीर न करता.

पण म्हणून त्या बाळाच्या कानात कसंही घुसावं असं नाही. आज सॉफ्ट सर्जरी सगळ्यांसाठीच करावी, शिल्लक असो वा नसो, असं बहुतेक सर्जन मानतात. कारण कान जितका कमी दुखावेल तितकी नस चांगली राहते, आणि हे मूल अजून सत्तर वर्षं जगणार आहे. तार कधीतरी बदलावी लागेल. शिवाय २०२४ च्या जानेवारीत चीनमधल्या फुदान विद्यापीठाच्या गटाचं एक काम प्रसिद्ध झालं: ओटोफर्लिन नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळे बहिऱ्या सहा मुलांच्या कानात योग्य जनुक सोडलं, आणि त्यातल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं. हा बहिरेपणाचा एक दुर्मिळ प्रकार आहे, लगेच आशा लावून बसू नका. पण उद्या आणखी काही आलं, तर ते ज्या कानात आतली रचना शाबूत आहे त्याच्याच कामाचं असेल.

आता माझ्या भाचीकडे येतो.

पहिल्या डॉक्टरांनी, नाव घेत नाही, सांगितलं होतं, "त्या कानाचं जुनं काही राहणार नाही, ते विसरा." दुसऱ्यांनी ऑडिओग्राम समोर ठेवला, नागफणीचं ते पठार बोटानं दाखवलं आणि म्हणाले, "हे वाचवायचा प्रयत्न करू. हमी देत नाही. एकाच कानाला करू, उजव्या, तो जास्त वाईट आहे. डावा तसाच ठेवू." मला ते बोलणं आवडलं. बहिणीला हमी हवी होती, ती कोणीच दिली नाही. तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, विरोध होता. ते म्हणायचे, पोरीला माझा आवाज येतोय, देवळातला पखवाज येतोय, मग कशाला चिरायचं? त्यांचं चुकत नव्हतं. पण शाळेत पोरगी मागे पडत होती. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तिचं सगळं संपायचं. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मैत्रिणी हसतात तेव्हा कशाला हसतात ते मला कळत नाही. ते कळेल का?" त्यावर आबा काही बोलले नाहीत.

ऑपरेशन पुण्यात झालं. तार नेहमीच्या लांबीची पण पातळ, मऊ. गोल खिडकीतून. महिन्याभरानं मशीन लावलं, मॅपिंग झालं, आणि पहिले दोन आठवडे ती सारखी रडत होती, कारण सगळे माणसं "पत्र्याचे" बोलतात असं तिला वाटत होतं. दर आठवड्याला लोकलनं पुणे, स्पीच थेरपी, परत. चौथ्या महिन्यात तिनं "साखर" नीट म्हटलं. माझ्या बहिणीनं मला फोन लावून फोन तिच्या तोंडाशी धरला होता.

तपासण्या झाल्या. पहिल्या तपासणीत उजव्या कानाचं पठार जवळजवळ जागेवर होतं. सहा महिन्यांनी वीस डेसिबल खाली. वर्षानं तिथंच थांबलं. म्हणजे गेलंही नाही आणि राहिलंही नाही. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, "अर्धं वाचलं म्हणा." आता उजव्या कानात मशीनबरोबर जाड्या आवाजासाठी छोटं श्रवणयंत्रही जोडलंय.

यंदा मे महिन्यात ती परत आमच्याकडे होती. रात्री झोपताना मशीन काढलं, मॅग्नेट डबीला चिकटवला, दोन्ही यंत्रं ठेवली. मी मुद्दाम वाट पाहत जागा राहिलो. बाराच्या सुमाराला मालगाडी आली. ती काही बोलली नाही, म्हणून मी तिच्या दंडाला हात लावला आणि बोटानं स्टेशनकडे दाखवलं. तिनं आधी डावा कान हातानं झाकला, थोडं थांबली. मग उजवा झाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याच्यातून येते. याच्यातून लांबची येते, तळेगावची नाही, कामशेतची असल्यासारखी."

मी विचारलं, "बरं वाटतं का?" तिनं ओठ वाचले असावेत, कारण दिवा लागला होता. म्हणाली, "मामा, झोपा आता."